पेटी देवगडची, रद्दी कानडी

पिशवीतलं – वाशीकर

गेल्या रविवारी वाशीत सेक्टर सतराच्या कोपऱ्यावर आंब्याची पेटी घेतली. झाकणावर लाल अक्षरांत ‘देवगड हापूस’. घरी येऊन पेंढा बाजूला केला, तर तळाला कानडी वर्तमानपत्राचं पान. फळं देखणी, पण साल जाड आणि घरभर दरवळणारा तो वास नाहीच. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘काका, हापूसच आहे की! पेटीवर काय, काहीही असतं.’’

हापूसची कलमं कर्नाटकातही आहेत आणि तिथल्या शेतकऱ्याचा घामही खराच. पण पेटीवर ‘कर्नाटक’ लिहिलं की भाव उतरतो, मेख तिथे आहे.

नावासाठी किती हट्टाला पेटावं, ते शॅम्पेनवाल्यांकडून शिकावं. बूच उडालं की आपण कुठल्याही बाटलीला शॅम्पेन म्हणतो. पण शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा मुलूख. तिथल्या द्राक्षांची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन तेवढी शॅम्पेन. शॅम्पेन बनवणाऱ्या एका बड्या फ्रेंच समूहाने 2013 मध्ये आपल्या नाशिकची फेसाळ वाइन बाजारात आणली. घराणं तेच, तरी या बाटलीवर ‘शॅम्पेन’ लिहायची सोय नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर शॅम्पेन नावाचं गावच आहे. तिथली वाइन साधी, बिनफेसाची. युरोपीय संघाशी करार झाला आणि 2004 पासून त्या गावाला स्वतःचंच नाव बाटलीवर घालायची बंदी आली. हे मात्र मला अतीच वाटतं.

आपल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांचं. (वाशी ठाणे जिल्ह्यात येते. म्हणजे इथल्या एपीएमसी बाजाराच्या आवारात एखादं हापूसचं कलम रुजलंच, तर कागदोपत्री त्याचा आंबाही कोकणचा राजा!) ‘हापूस’ हे नाव मुळात ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आलेलं, ते सोडा.

तरी शॅम्पेनला मिळतं ते हापूसला मिळत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात वाइन आणि मद्याला जादा संरक्षण आहे. ‘शॅम्पेनसारखी’ असंसुद्धा लिहायचं नाही. आंबा, तांदूळ, साडी यांच्या बाबतीत आधी गिऱ्हाइकाची दिशाभूल होते हे दाखवावं लागतं. आपल्या 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यातल्या कलम 22 नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून इतर मालालाही ते जादा संरक्षण देऊ शकतं. कलमी आंब्यासाठी हे कलम वापरावं, अशी मागणी कोकणातल्या खासदारांनी लावून धरायला हवी.

खोटी पेटी मात्र आजच्या कायद्यातही बसत नाही. तिथे अधिसूचना नको, फळबाजारात तपासणी हवी. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळागणिक सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर आणला. तेव्हा पुढच्या वेळी झाकण वाचून पैसे देऊ नका. फळावरचा क्रमांक मागा, आणि तळाचा कागद तिथेच, विक्रेत्यासमोर उचलून पाहा.