घरातली यंत्रे : धुण्याचे मशीन काय सांगते?

गाडीचे चाक कुरकुरू लागले की वंगण घालायला कोणी सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा सूर जरा बदलला तर धनी भरल्या ताटावरून उठून बघायला जातो. पण घरातले धुण्याचे मशीन महिनाभर घरघरत असले, तरी “चालतंय ना, मग चालू द्या” एवढेच. मग ऐन लग्नसराईत ते बसते आणि तालुक्याचा मेकॅनिक येईपर्यंत ढीगभर गोधड्या पुन्हा बाईच्या हातावर येतात. म्हणून आज त्याच्या आवाजांविषयी बोलू. खेड्यापाड्यांत पुष्कळ घरी दोन टबांचे, एकात धुवायचे नि दुसऱ्यात पिळायचे, असे मशीन असते. मुख्यतः त्याचेच सांगणार आहे.

कुठेही हात घालण्याआधी प्लग बोर्डातून काढून बाजूला ठेवा. नुसती चावी शून्यावर आणून भागत नाही. आणि अर्थिंगची तिसरी जाड पिन मोडून दोन पिनांवर मशीन चालवत असाल, तर आवाजाचे राहू द्या, आधी ते नीट करा. ओल्या पायांनी पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर त्या दिवसापासून मशीन बंद.

आता पहिली पारख. या मशीनला दोन मोटारी असतात, धुण्याची वेगळी आणि पिळण्याची वेगळी. धुण्याच्या टबात थोडे पाणी घेऊन, कपडे न घालता, ती एकच बाजू चालवा. मग ती बंद करून रिकामा ड्रायर चालवा. आवाज कोणत्या बाजूचा हे कळले की निम्मे काम झाले. चकती एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. मध्ये थांबताना होणारा ‘टक’ आणि चावीची टिकटिक हे दोष नव्हेत. त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका.

धुताना खडखड किंवा करकर होत असेल तर बहुधा खिशातला ऐवज तळाच्या चकतीखाली गेलेला असतो. नाणी, खिळे, शर्टाची बटणे, शिवाय शेतातल्या कपड्यांबरोबर आलेली वाळू. चकतीच्या मधोमध टोपणाखाली एक स्क्रू असतो. पाणी सोडून द्या, स्क्रू काढा, चकती सरळ वर उचला. खालचा गाळ धुऊन काढा आणि चकतीची कड बोटाने चाचपून बघा. कड तासली गेली असेल तर ती लुगडी फाडते, मग चकती बदलावीच लागते. खिसे झाडून कपडे टाकले तर हा प्रकार उद्भवतच नाही, पण बापेमाणसांना हे कोण शिकवणार!

चीं चीं असा आवाज, आणि कपडे जास्त भरले की चकती मंदावते, हे पट्ट्याचे लक्षण. पट्टा सैल पडून पुलीवर घसरतो. कित्येक जण त्यावर तेल सोडतात. तेलाने पट्टा अधिकच घसरतो आणि रबर कुजते. तडे गेलेला, काचेसारखा चकचकीत झालेला पट्टा बदलून घ्यावा.

गुंई असा आवाज येतो, पण काहीच फिरत नाही, तर एक क्षणही वाट पाहू नका, बंद करा. मोटार जोर लावते आहे पण हलत नाही. अशाने आतली तार तापून जळते. एक तर चकतीत काही अडकले आहे, नाही तर व्होल्टेज पडले आहे. संध्याकाळी डीपीवर भार आला की दिवे मिणमिणतात, तेव्हा हमखास असे होते. दिवे ठीक असून रोजच गुंई होत असेल, तर कंडेन्सर गेला असे समजावे. पंख्याला असतो तसाच तो असतो आणि महाग नसतो. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, तेव्हा तो घरी उघडण्याच्या फंदात पडू नका.

आता ड्रायर. धडधड होऊन सगळे मशीन चालू लागले, तर आधी कपडे बघा. एकच ओली चादर एका कडेला गोळा होऊन बसली की असे होते. कपडे सारखे पसरा, वर जाळीची चकती दाबून बसवा. फरशी उंचसखल असेल तर पायाखाली आधार द्या. एवढे करूनही रिकामा टब आदळत असेल, तर खालची स्प्रिंग तुटलेली असू शकते.

घासल्यासारखा आवाज आणि जळका वास आला तर ब्रेक चिकटतो आहे. याच ब्रेकची उलटी खोड जास्त वाईट. झाकण उघडताच टब काही क्षणांत थांबला पाहिजे. तो तसाच गरगरत राहिला, तर मशीन वापरू नका. पोरे आत हात घालतात, आणि फिरता कपडा बोटांना गुंडाळला की हात ओढला जातो.

घरघर मात्र दिवसेंदिवस वाढत जाते, म्हणून तिची सवय होते. ड्रायरच्या टबाखालीच त्याची मोटार असते. मधले रबरी सील झिजले की पाणी मोटारीवर ठिबकते, बेअरिंग गंजते. मशीनखाली तांबूस डाग दिसतो का बघा. या वेळी सील बदलले तर थोडक्यात निभावते. पुढे ढकलले तर मोटारच बदलावी लागते.

सुगीनंतर घरात धान्य आले की उंदीर येतात, आणि मशीनच्या उघड्या बुडातून आत शिरून तारा कुरतडतात. चरचर असा आवाज किंवा ठिणगी दिसली तर बोर्डाची चावी बंद करा. खालून बारीक जाळी मिळते, ती बसवून घ्या.

पूर्ण आपोआप चालणारे, समोरून दाराचे मशीन असेल, तर पाणी बाहेर टाकताना होणारी खडखड खालच्या कोपऱ्यातल्या गाळणीत नाणे अडकल्याची असते. नवे मशीन पहिल्याच दिवशी भयंकर हादरत असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत.

मेकॅनिकला “मशीन बिघडलंय” एवढाच निरोप देऊ नका. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, तो धुताना येतो की पिळताना, रिकाम्यातही येतो का, हे सांगा. मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबरही लिहून द्या, म्हणजे लागणारा भाग तो येतानाच घेऊन येईल आणि तुमची दुसरी खेप वाचेल.