आठवीचा इंग्रजीचा पेपर, फडावरून परतलेली पोरं आणि मे महिन्यात कुलूप लागलेली शाळा

कारखान्यांचे पट्टे पडले की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, गेवराई भागात गावं पुन्हा भरायला लागतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर परत येतात, कुलपं निघतात. याच सुमाराला जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वार्षिक परीक्षेची तयारी चालू असते. म्हणजे दिवाळीच्या आसपास आई-बापासोबत फडावर गेलेलं सातवी-आठवीचं पोरगं वर्गात परत येतं, ते थेट परीक्षेच्या तोंडावर. मराठी ते कसंबसं रेटून नेतं. गणितात निदान बेरीज-वजाबाकी हाताशी असते. अडतं ते इंग्रजीत.

आठवीच्या बाबतीत हे अडणं आता महागात पडू शकतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं होतं. 2019 मध्ये केंद्रानं कायदा बदलला आणि पाचवी-आठवीचा निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्रानं 2023 मध्ये नियम बदलले आणि 2023-24 या वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. आठवीला प्रत्येक विषयाला 60 गुण, पास व्हायला 35 टक्के, म्हणजे 21 गुण. नाही मिळाले तर पुरवणी मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तिथंही नाही जमलं तर त्याच वर्गात. शाळेतून कुणाला काढता येत नाही, हे मात्र कायद्यानं कायम ठेवलंय.

सहावी-सातवीला असं काही नाही. तिथं 2010 पासूनची आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची पद्धत आहे. सहावीला दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा, सातवीला आकारिक 40 आणि संकलित 60. तोंडी काम, स्वाध्याय, प्रकल्प, उपक्रम अशी साधनं वापरून गुण द्यायचे आणि मग श्रेणी काढायची. कागदावर पद्धत चांगली आहे. पण जे पोरगं पाच महिने वर्गातच नव्हतं, त्याचं 'दैनंदिन निरीक्षण' कशाचं करणार? रकाना तर भरावाच लागतो. मग तो भरला जातो. असं करत पोरगं आठवीत येतं आणि तिथं पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारतं, बाबा, तुला वाचता येतं का?

उत्तर बरोबर, अर्थ गायब

इंग्रजीच्या पेपरात एक उतारा असतोच. खाली प्रश्न. आता यात एक युक्ती आहे आणि ती पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. प्रश्न आहे, 'हू वेंट टू द मार्केट?' पोरगं उताऱ्यात 'मार्केट' या शब्दाचा आकार शोधतं. सापडला की पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंतचं वाक्य जसंच्या तसं उतरवतं. उत्तर बरोबर, गुण पक्के. मार्केटला कोण गेलं, असं मराठीत विचारा, गप्प बसेल. ही कॉपी नाही, लबाडीही नाही. चित्र जुळवण्याचा प्रकार आहे. पण पेपर तपासणाऱ्याला दोन्हीतला फरक दिसत नाही.

लिहिण्याचंही तेच. पत्र, निबंध, चार ओळींचं वर्णन हे गाईडमधून पाठ केलं जातं. पोरं 'माय स्कूल' झोपेतही लिहितील. त्याच पोराला 'माय स्कूल'च्या ऐवजी 'माय व्हिलेज' दिलं की पेन थांबतं, कारण वाक्य बनवणं त्यानं कधी केलेलंच नसतं, वाक्य आठवणं केलेलं असतं. पुस्तकात तर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी उच्चार लिहिलेला दिसेल. 'नाईफ', 'नाईट', 'डॉटर'. पोरगं खालचं इंग्रजी वाचतच नाही, वरचं मराठी वाचतं आणि खडाखडा वाचतं. पाहुण्यांना वाटतं, वा!

यात पोरांची चूक कमी आहे. मराठीत जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो. इंग्रजीत 'नाईफ'च्या आधी एक 'के' उगाच बसलेला असतो, 'नाईट'मध्ये 'जीएच' मुकाट उभे असतात. हे रोज थोडं थोडं कानावर आणि डोळ्यांखाली गेलं तरच मुरतं. पाच महिने खंड पडला की मुरलेलं निघून जातं, आणि मार्च-एप्रिलच्या चार आठवड्यांत ते परत येत नाही.

हे फक्त आपल्या जिल्ह्याचं दुखणं आहे असंही नाही. 'असर' च्या 2022 च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात आठवीतल्या 46.7 टक्के मुलांना इंग्रजीची सोपी वाक्यं वाचता आली. 2016 मध्ये हाच आकडा 45 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे सहा वर्षांत गाडी जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. 2023 ला त्यांनी 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची वेगळी पाहणी केली. त्यात निम्म्याहून अधिक जणांनी वाक्यं वाचली, पण जे वाचू शकले त्यांच्यातही साधारण चौथ्या भागाला अर्थ सांगता आला नाही. वाचणं आणि कळणं यातली ही फट आपल्याकडच्या वर्गात रोज दिसते, आणि परीक्षेत नेमकी तीच झाकली जाते.

आठवण म्हणून सांगतो, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून होतं. खेड्यातल्या पोरानं मागं राहू नये हा हेतू रास्तच होता. आज आठवीत बसणारं पोरगं म्हणजे आठ वर्षं इंग्रजी शिकलेलं पोरगं. त्याला 21 गुणांची धास्ती वाटत असेल तर घोटाळा शेवटच्या वर्षात झालेला नाही.

मास्तर एक, भाषा तीन

कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. 'भाषा' म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी मिळून एक. तो बहुतेक वेळा मराठीचा असतो आणि इंग्रजी त्याच्या गळ्यात येतं. त्यात 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानं कमी पटाच्या सहावी-सातवी-आठवीच्या वर्गांचे शिक्षकच धोक्यात आले. त्यावर शिक्षक संघटनांनी आंदोलनं केली, प्रकरणं कोर्टात गेली. ऊसतोडीच्या गावात पट कमी का दिसतो हे सांगायला पाहिजे का? पोरं फडावर असतात म्हणून. पोरं गेली म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून मास्तर जातो, आणि मास्तर गेला म्हणून उरलेल्या पोरांचे आई-बाप म्हणतात, चला मग तुम्हीबी. हंगामी वसतिगृहं याच्यासाठीच आहेत, आणि जिथं ती वेळेवर सुरू होतात तिथं पोरं राहतातही. दिवाळीनंतर टोळी निघते, तेव्हा वसतिगृह सुरू पाहिजे. टोळी गेल्यावर महिन्यानं मंजुरी आली तर तिचा उपयोग कुणाला?

चाचण्यांची मात्र कमतरता नाही. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, आणि त्यात प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पेपर वरून येतात, गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. 2025 ला तर राज्यभर एकच वेळापत्रक लावलं. 25 एप्रिलपर्यंत परीक्षा आणि 1 मे ला निकाल. ऊन एवढं की पत्र्याच्या खोलीत पोरं बसवणं मुश्कील, आणि तपासायला हातात चार-पाच दिवस. अशा घाईत निबंध वाचून कोण बघणार? ओळी मोजून गुण पडतात. एवढे आकडे वर जातात, पण 'तुमच्या शाळेतल्या या सहा पोरांना वाक्य वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे करा' असं काही खाली येत नाही. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतला मोठा दोष हाच आहे.

लिहायला काय कमी आहे?

फडावरून आलेल्या पोराला इंग्रजी येत नाही असं आपण धरून चालतो. जरा त्याचं बोलणं ऐका. ट्रॅक्टर, ट्रॉली, ड्रायव्हर, लोडिंग, टन, स्लिप, नंबर, डिझेल, पंक्चर, मोबाईल, चार्जर, रिचार्ज, ॲडव्हान्स. हे शब्द त्याला अर्थासकट माहीत आहेत. ट्रॉली किती टनाची, खेप किती वाजता निघाली, स्लिपवर किती वजन पडलं, हे तो तोंडपाठ सांगेल. यातला एकेक शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहिला तर त्याला अर्थ सांगायची गरज नाही, फक्त अक्षरं ओळखायची. मग 'द ट्रॉली इज फुल', 'माय फादर कट्स केन', 'वुई वेक अप ॲट थ्री'. ही तीन वाक्यं स्वतःची आहेत. गाईडमधल्या पंधरा ओळींपेक्षा मी यांना जास्त गुण देईन. काही शिक्षक असं करतातही, पण ते स्वतःच्या हिमतीवर. पेपरात अशा लिखाणाला जागा मिळेलच याची हमी त्यांना कुणी दिलेली नाही.

याउलट या पोरांना पत्र लिहायला सांगितलं जातं, मित्राला सहलीचं. सहल कुठली?

मे महिन्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. ऊसतोडीचं घर गावात नेमकं कधी असतं? एप्रिलपासून दिवाळीपर्यंत. त्यात शाळेला सुट्टी कधी? मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. म्हणजे जे पोरगं पाच महिने वर्गाबाहेर होतं, ते गावात आल्यावर महिन्याभरात परीक्षा देतं आणि मग शाळेलाच कुलूप. फेरपरीक्षा आणि पुरवणी मार्गदर्शन याच काळात बसवलंय. कागदावर मार्गदर्शन आहे. शिक्षक सुट्टीवर, मध्यान्ह भोजन बंद, पोरगं दुपारी शेळ्यांमागं. शिकवणार कोण, कुठं, किती तास? शिक्षकांना सुट्टीतही निवडणूक, सर्वेक्षण अशी कामं लागतातच, त्यामुळं सगळं त्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. सकाळी सात ते नऊ दोन तास, गावातलीच बारावी किंवा डीएड झालेली मुलगी मानधनावर, आणि सहावी-सातवीची जुनी 'माय इंग्लिश बुक' हाताशी, एवढ्यावर वाचन सुरू करता येतं. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून हे बसवता येईल का, हे सभापती-सदस्यांनी बघावं. खर्च फार मोठा नाही.

एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. आठवीत मुलगी मागं राहिली की घरात पहिली चर्चा फेरपरीक्षेची होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आपल्या जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून जास्त महिलांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं होतं. 'पास तर होईना, शिकून काय करणार' हे वाक्य मुकादमाच्या उचलीइतकंच पक्कं असतं, आणि पुढच्या हंगामात नवा कोयता तयार होतो. परीक्षा असावी की नसावी यावर वाद घालता येईल. मला स्वतःला परीक्षा नको असं वाटत नाही. पोरगं वाचतं का हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. पण आधी शिकवणं आणि मग नापास करणं, हा क्रम तरी पाळला जावा.

पालकांनी घरी एक साधी गोष्ट करावी. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. पुस्तकातलं कुठलंही पान उघडून पोराला एक वाक्य वाचायला लावा, वर पेन्सिलीचं मराठी नसलेलं. मग विचारा, याचा मराठीत अर्थ काय? अडखळला तर ओरडू नका, शाळेत जाऊन सांगा. उत्तरपत्रिका बघायला मागा, त्यात संकोच कशाला?

1 मे ला निकाल लागतो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य तिथं हजर असतात, मुख्याध्यापकही झेंडावंदनाला गावातच असतात. आठवीची किती पोरं इंग्रजीत फेरपरीक्षेला बसणार, त्यातली हंगामात बाहेर गेलेली किती, आणि मे महिन्यात त्यांना कोण शिकवणार, एवढी तीन उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.