डोंगर आमचा, पाणी आमचे. मग विजेत वाटा कोणाचा?

परळ, लालबाग, दादर, गिरगाव येथे राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी रात्री दिवा लावताना स्वतःस एक प्रश्न विचारावा. ही वीज येते कोठून? तिचा बराच भाग कोळशाचा, हे खरे. पण तिच्यात मावळातले पाणीही आहे. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवले, ते मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस सोडले, आणि १९१५ सालापासून त्या जोरावर यंत्रे फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा ही केंद्रे सुरू झाली. कोळसा नाही, धूर नाही, आणि पाऊस दरसाल फुकट पडतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच इमले आले. पण ही तिन्ही केंद्रे चालूच आहेत.

मुंबईचा यात फायदा झाला. भांडवलवाल्यांचा झाला. ज्या गावांनी जागा दिली त्यांच्या पदरात काय पडले?

भिऱ्याचे पाणी मुळशीच्या धरणाचे. आपली भातखाचरे व घरे बुडणार हे कळताच तेथील मावळे उठले. १९२१ च्या एप्रिलात रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांसह अनेकांनी तुरुंग भोगला. तरी १९२४ पर्यंत लढा मोडला आणि धरण झाले.

त्यातही एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. त्या खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला द्यायचा तो जमिनीवर हक्क असणाऱ्यास. म्हणजे घाम गाळला कुळाने, आणि पैसे मोजून घ्यावयास पुढे कागदवाला! ज्याच्या नावे एक गुंठाही नाही त्या सुताराचे, लोहाराचे, कुंभाराचे काय? गाव बुडाले की त्याचे बलुते बुडाले. बलुत्याची किंमत कोणत्या सरकारी कोष्टकात बसते?

कोणी म्हणेल, हे जुने उगाळून काय मिळणार? बंधूंनो, हे जुने नाही. त्याच डोंगरांत, शिरवटा व भिवपुरी येथे, एकूण २८०० मेगावॅटचे नवे प्रकल्प उभारण्याचा करार राज्य सरकार व टाटा पॉवर कंपनी यांच्यात ऑगस्ट १९२३ मध्ये नव्हे, २०२३ मध्ये झाला आहे. विजेची गरज असेल तेव्हा पाणी खाली सोडावे, वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवावे, अशी त्यांची रीत. शिवाय गावोगाव सूर्यशक्तीची पॅनेले बसत आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

आम्ही या प्रकल्पांचे वैरी नव्हे. कोळशाच्या धुराने ऋतुमान बिघडते, आणि अवकाळी पावसाचा पहिला तडाखा शेतकऱ्यासच बसतो. पाण्याची व सूर्याची वीज हवीच. पण ती आमच्या उरावर नको, आमच्या भागीदारीत हवी.

आणि आता वाट्याची गोष्ट कागदावर येऊ लागली आहे. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पग्रस्त कुटुंबास दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज देण्याचे कलम आहे. आपल्या राज्याच्या २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीस हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरसाल ३ टक्के वाढ ठरली. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल ५ लाख रुपये ठरले. विकून मोकळे होण्यापेक्षा भाडे बरे. जमीन आपलीच राहते. पण भाडे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचे. कूळ, मजूर व कारागीर यांचा हक्क पंचायतीच्या पैशावरच. आणि ग्रामसभेस कोणी गेलेच नाही, तर तो पैसा कोठे मुरेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. शेतास पाणी देऊन उरलेली वीज ते २०१६ पासून वीज कंपनीस विकू लागले. शेतकरी नुसता जागा देणारा राहिला नाही, वीज पिकवणारा झाला. सहा जणांस जमले ते आम्हांस का जमू नये?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. प्रकल्प जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे गावाचा वाटा चालावा. तो वाटा घरटी असावा, नुसता सातबाऱ्यावर नसावा. आणि करार मराठीत, ग्रामसभेत मोठ्याने वाचल्यावाचून कोणी अंगठा वा सही करू नये.

चाळीत राहणाऱ्या बंधूंनो, तुमचे घर येथे असले तरी नाव गावच्या कागदावर आहे, आणि गावी म्हातारे आईबाप आहेत. गणपतीस वा शिमग्यास घरी जाल तेव्हा प्रसादाबरोबर हा प्रश्नही न्या. ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा : आमचा वाटा किती, आणि तो कोठे लिहिला आहे?