बॅटरी कोणाच्या वाट्याची?

गेल्या वर्षी गॅदरिंगला आमची बाहाची गाडी स्टेजसमोर आणली तेव्हा तुम्ही भरपूर टाळ्या वाजवल्यात. सस्पेन्शन कोणी केलं, रोल केज कोणी वेल्ड केला, हे मेसमध्ये वाढणाऱ्या पोरालाही पाठ झालंय. बॅटरी कोणी बसवली, असं मात्र कोणी विचारलं नाही. बरंच झालं, कारण ती मी बसवली होती. 'बसवली' हा शब्दही जरा जास्तच झाला. बांधली होती. दोन झिप टाय आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, बस्स.

फर्स्ट इयरवाल्यांसाठी सांगतो. बाहा ही एसएई इंडियाची स्पर्धा. २००७ साली पीथमपूरला सुरू झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बांधलेली एका माणसाची गाडी दगड, खड्डे, उंचवटे यांच्यावरून पळवायची. गाडी हवेत उडणार, आपटणार, प्रसंगी उलटणार, हे गृहीतच धरलेलं असतं.

एका रविवारी सकाळी हॉस्टेलमागच्या माळावर आमचं टेस्टिंग चालू होतं. तिसऱ्या उडीला ट्यूब निसटली, झिप टाय तुटले आणि बॅटरी आडवी झाली. तिचं पॉझिटिव्ह टर्मिनल चेसीच्या पाइपला टेकलं. चर्रर्र आवाज आला, धूर निघाला. ड्रायव्हरने ताबडतोब किल स्विच दाबला. इंजिन बंद पडलं, पण धूर काही थांबेना. जवळ उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या पोराने धावत जाऊन निगेटिव्हची वायर ओढून काढली. वायर तापून लाल व्हायच्या बेतात होती. त्याच्या उजव्या तळहाताची सालं निघाली. पेट्रोलची टाकी तिथून जेमतेम दीड हातावर होती.

त्याने घरी सांगितलं, "मेसमध्ये चहा सांडला." पुढच्या आठवड्यात मशीन ड्रॉइंगचं सबमिशन होतं. त्याला पेन्सिल धरता येत नव्हती. सरांनी मुदत वाढवून दिली म्हणून निभावलं. मला मात्र त्या चहाची अजून लाज वाटते.

त्या रात्री रूमवर वायरिंगचा डायग्राम काढून बसलो. फ्यूज होता, किल स्विच होता, मग हे झालं कसं? उत्तर अगदी सोपं आहे. फ्यूज आणि स्विच दोन्ही पॉझिटिव्हच्या वायरवर बसतात, म्हणजे टर्मिनलच्या पुढे. आणि निगेटिव्ह तर चेसीला जोडलेलंच असतं. टर्मिनलच चेसीला टेकलं की करंट फ्यूजकडे जायच्या आधीच परत फिरतो. बॅटरी छोटी असली तरी असा शॉर्ट झाल्यावर शंभराच्या वर अँपिअर सहज देते. अशा वेळी तुमच्या मदतीला दोनच गोष्टी असतात: टर्मिनलवरची रबरी टोपी आणि बॅटरी जागची हलू न देणारा क्लॅम्प. आमच्याकडे दोन्ही नव्हत्या.

आता जरा हिशेब करू. आमची बॅटरी अडीच किलोची. गाडी आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या दसपट धक्का बसला असं धरा, म्हणजे क्लॅम्पवर २५ किलोचा भार आला. जीपची बॅटरी १५ किलोची असते. तिथे पाचपट धक्का धरला तरी ७५ किलो. एक अख्खा माणूस त्या पट्टीला लटकल्यासारखं झालं. झिप टाय कडेवर घासून कापला जातो, उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होतो. ट्यूब तर आणखी वाईट. ती ताणली जाते, बॅटरीला वेग घेऊ देते आणि मग आपटवते.

नंतर आम्ही जे केलं ते कोणीही करू शकेल. अँगलचा ट्रे केला, चारही बाजूंना कड ठेवली आणि तो थेट चेसीच्या पाइपला वेल्ड केला, पत्र्याला नाही. खाली रबराची शीट. वरून आडवी पट्टी, तिला रबर गुंडाळलेलं, दोन्ही बाजूंना लांब बोल्ट आणि नायलॉक नट. पट्टी बेताने आवळायची, नाहीतर बॅटरीची केस तडकते. टर्मिनलवर टोप्या. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट. जागा खाली, टाकी आणि सायलेन्सरपासून लांब. बॅटरी सीलबंद, म्हणजे गाडी उलटली तरी ॲसिड सांडणार नाही. आणि काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून चेसीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

या सगळ्याचं वजन भरलं ४०० ग्रॅम. "वजन वाढतं रे" म्हणणाऱ्यांनी गाडीत बसायच्या आधी मेसची एक खीर कमी खावी.

पण खरी अडचण वजनाची नाहीच. सस्पेन्शनवाल्यांना वाटतं बॅटरी इलेक्ट्रिकलची, इलेक्ट्रिकलवाल्यांना वाटतं ट्रे चेसीवाल्यांचा. कॅडमध्ये बॅटरी म्हणजे हवेत तरंगणारा एक चौकोनी डबा. मग गाडी बाहेर काढायच्या आदल्या रात्री दोन वाजता कोणीतरी म्हणतं, "बांध रे कशाने तरी." तो कोणीतरी मी होतो. जुगाडाचं आपल्याला भारी कौतुक आहे, मलाही आहे. पण जुगाड फसल्यावर ज्याचा हात भाजतो तो बहुतेक वेळा जुगाड करणारा नसतो.

म्हणून दोन विनंत्या. टीमला: रोल केज वेल्ड करायच्या आधीच बॅटरीची जागा ठरवा आणि तिच्यापुढे एका माणसाचं नाव लिहा. सरांना: टेस्टिंगच्या परवानगीवर सही करण्याआधी बॅटरी हाताने धरून जोरात हलवा. गाडी हलली तर सही द्या, नुसती बॅटरी हलली तर गाडी परत वर्कशॉपमध्ये. वर्कशॉपचे काका तर म्हणतात, "गाडी मनातल्या मनात उलटी करा आणि काय काय खाली पडतं ते बघा." आमच्या अख्ख्या डिझाइन रिपोर्टमध्ये इतकं कामाचं वाक्य नव्हतं.

यंदा गाडी माळावर न्याल तेव्हा मला हाक मारा. मी येऊन बॅटरी हलवून बघेन. हलली तर चहा तुमच्याकडून. आणि तो कोणाच्या हातावर सांडल्याचं घरी सांगावं लागू नये.