तिकीट अर्धे झाले, मुक्कामाचे काय?

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात बचत गटातल्या, भिशीतल्या किंवा एकाच गल्लीतल्या पंधरा-वीस जणींनी मिळून कुठेतरी जाऊन येणे आता नवलाचे राहिलेले नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या बसमध्ये महिलांना निम्मे भाडे आहे. त्याच वर्षी राज्याने महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणले. त्याआधी, २०२१ मध्ये, कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आले होते. म्हणजे कागदावर तीन-तीन सोयी आहेत. तरीही 'रात्री थांबायचे कुठे?' हा प्रश्न आला की बेत एका दिवसावर येतो आणि सहल संध्याकाळच्या बसला बांधली जाते. प्रवासाची सोय झाली, पण थांबण्याची झालेली नाही. ती का झाली नाही आणि करायला काय लागेल?

अमेरिकेतील महिला काय करतात?

अमेरिकेत चाकांवरचे घर, म्हणजे 'आरव्ही', घेऊन फिरणाऱ्या महिलांचे मोठे गट आहेत. 'आरव्हीइंग विमेन' ही संघटना १९९१ पासूनची, तर 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' हा गट १९९९ मध्ये दोन बहिणींनी सुरू केला. यातल्या अनेक जणी साठी ओलांडलेल्या असतात. कुणी विधवा, कुणी निवृत्त, तर कुणी नवऱ्याला घरी ठेवून आलेली. राज्य सरकारच्या उद्यानात त्या दोन-चार दिवसांचा तळ टाकतात, एकत्र स्वयंपाक करतात आणि गाडी मागे कशी घ्यायची, गॅसची गळती कशी ओळखायची हे एकमेकींना शिकवतात.

इथे नजर साहजिकच गाडीवर जाते. पण हे सगळे चालते ते उद्यानातल्या तळामुळे. आखून दिलेली जागा, तिचे ठरलेले भाडे, पाण्याचा नळ, विजेची जोडणी, मैला सोडण्याची सोय, स्वच्छ न्हाणीघर आणि बऱ्याच ठिकाणी तळावरच राहणारा 'होस्ट', म्हणजे यजमान. रात्री काही अडले तर कोणाचे दार वाजवायचे हे तिथे आलेल्या प्रत्येकीला माहीत असते. स्वतःची गाडी नसलेली बाई तंबू घेऊन आली, तरी तिला त्याच सोयी मिळतात.

महाराष्ट्राचे कॅरॅव्हॅन धोरण कशासाठी आहे?

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या वाहनाला कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ च्या धोरणात अशी वाहने आणि ती उभी करण्यासाठीची कॅरॅव्हॅन पार्क, या दोन्हींचा विचार आहे. पार्कमध्ये वाहनतळ, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय अपेक्षित आहे. जागा खासगी मालकाची असू शकते किंवा पर्यटन विकास महामंडळाची मोकळी जमीनही वापरता येते. हॉटेल बांधण्याइतका खर्च न करता दूरच्या ठिकाणी मुक्कामाची सोय व्हावी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे.

अडचण एवढीच, की हे धोरण वाहनापासून विचार सुरू करते. भाड्याची कॅरॅव्हॅन परवडणारा प्रवासी मुंबई-पुण्याचा असतो आणि तो कोकणात किंवा सह्याद्रीत जातो. दिग्रसमधल्या वीस जणींची कॅरॅव्हॅन म्हणजे लालपरी किंवा भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर. त्यांना चाकांवरच्या घराची गरज नाही. वाहनातून उतरल्यावर हक्काने पाठ टेकता येईल, अशी जागा त्यांना हवी आहे. पार्क आणि वाहन यांची ही गाठ सोडवली, तर हेच धोरण त्यांच्याही कामाचे ठरेल.

मोकळ्यावर मुक्काम आपल्याकडे नवा आहे का?

मुळीच नाही. कॅरॅव्हॅन या शब्दाला मराठीत जुना, चोख प्रतिशब्द आहे: तांडा. दिग्रस, दारव्हा, पुसद, मानोरा हा पट्टा बंजारा समाजाच्या वस्तीचा. रेल्वे येण्यापूर्वी या समाजाची लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणारे तांडे, मुलखामागून मुलूख तुडवत. त्यात बायका पाहुण्या नव्हत्या. तळ लावणे आणि उठवणे, चूल, पाणी, लेकरे, गुरे हा सारा भार त्यांच्यावर असे. आजही रामनवमीला शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी लाखोंचा समाज जमतो. त्यातल्या कितीतरी जणी गाडीच्या आडोशाला रात्र काढतात.

वारीचेही तसेच आहे. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या आणि स्वयंपाकाची मंडळी असते. तुळस डोक्यावर घेऊन चालणारी बाई रोज नव्या गावात मुक्काम करते आणि घरचे तिला बिनधास्त पाठवतात. कारण तिथे तिची सोबत ठरलेली असते आणि मुक्कामाचे गावही ठरलेले असते. अलीकडच्या वर्षांत पालखी मार्गावर फिरती शौचालये आली, तेव्हा सर्वांत मोठा दिलासा महिलांना मिळाला. म्हणजे आपल्या बायकांना मोकळ्यावर राहणे जमत नाही, हे म्हणणे टिकत नाही. देवाच्या नावाने त्या राहतातच. स्वतःच्या आनंदासाठी राहायचे म्हटले, की सोय संपते.

मग घोडे अडते कुठे?

टिपेश्वर अभयारण्याचे उदाहरण घेऊ. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यातच आहे. वाघ पाहायला देशभरातून लोक येतात. सकाळची सफारी उजाडताच सुरू होते, त्यामुळे दिग्रसहून जाणाऱ्या गटाला आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावाच लागतो. प्रवेशद्वाराबाहेरची राहण्याची ठिकाणे स्वतःच्या गाडीने येणाऱ्या कुटुंबाला समोर ठेवून उभी राहिली आहेत. खोल्या दोघा-चौघांच्या हिशेबाने असतात. वीस जणींनी अशा खोल्या घ्यायच्या, तर मुक्कामाचा खर्च एसटीच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतो. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे पहिल्याच रात्री संपतात.

पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, माहूरगड, पैनगंगा अभयारण्य या ठिकाणांचा हिशेबही फारसा वेगळा नाही. देवस्थानाजवळ भक्तनिवास किंवा धर्मशाळा तरी मिळते. जंगल, धरण किंवा धबधबा पाहायचा असेल, तर 'बाहेरून आलेल्या बायांचा घोळका' रात्री कुठे ठेवायचा, याचे उत्तर कोणाकडेच तयार नसते. पुरुषांचा गट अशा वेळी गाडीत किंवा ढाब्यावरच्या खाटेवर रात्र काढतो. महिलांना तो पर्याय नाही.

'आई' धोरणातून काय मिळते?

'आई' धोरणाची पाच सूत्रे आहेत: महिला उद्योजकता, महिलांसाठी पायाभूत सुविधा, सुरक्षितता, महिला पर्यटकांसाठी खास सहली व सवलती, आणि प्रवास व पर्यटन विकास. महामंडळाच्या निवासांत १ ते ८ मार्चसह वर्षातील ठरावीक दिवशी महिलांना निम्म्या दराची सवलत आहे. महिलेने पर्यटन व्यवसायासाठी बँकेकडून घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत सरकार परत करते. ही सवलत सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये, यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तिथपर्यंत मिळते.

धोरण चांगलेच आहे, पण त्याची मेख समजून घ्यायला हवी. सरकार व्याज देते, कर्ज देत नाही. कर्ज बँकेने आधी मंजूर करावे लागते आणि ग्रामीण भागात बहुतेक बायकांच्या नावावर ना सातबारा असतो ना घर. शिवाय महामंडळाचे निवास आहेत चिखलदऱ्याला, लोणारला. सवलत खरी आहे, पण ती जिथे निवास आहे तिथेच उपयोगाची. यवतमाळच्या दक्षिण भागात ती वापरायची कुठे?

एका तळाला लागते तरी किती?

हा हिशेब अवघड नाही. एका बसमधून ४० जणी येतील असे धरू. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचा आहे. त्या हिशेबाने २,२०० लिटर पाणी झाले, म्हणजे गच्चीवर दिसतात तशा दोन-तीन टाक्या. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक शौचालयासाठी २५ महिलांमागे एक आसन धरले आहे. म्हणजे ४० जणींना दोन पुरतात, सकाळची घाई लक्षात घेऊन चार बांधावीत. वीस वॅटचे दहा दिवे रात्रभर, बारा तास जळले, तरी वीज लागते २.४ युनिट. त्यात भर घाला कुंपणाची, पावसापाण्यात आडोसा देणाऱ्या पत्र्याच्या मोठ्या शेडची, कडी लागणाऱ्या न्हाणीघरांची आणि वापरलेले पॅड टाकण्याच्या झाकणबंद डब्याची. एवढ्यात तळ उभा राहतो.

यात पंचतारांकित काहीच नाही. गावोगावी समाजमंदिरे आणि सभामंडप ज्या खर्चात उभे राहतात, त्याच तोडीचे हे काम आहे. दिग्रसजवळ अरुणावती प्रकल्प आहे, पाणी आहे, मोकळी जागा आहे. असा एखादा तळ तिथे का होऊ नये, हे जलसंपदा आणि पर्यटन या दोन खात्यांनी सांगावे.

पण सुरक्षेचे काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याच्या घटनेने राज्य हादरले. ती बस धावत नव्हती, उभी होती. निर्जन रस्त्यावर नव्हती, राज्यातल्या गजबजलेल्या स्थानकात होती. ज्या जागेवर कोणाचीच जबाबदारी नसते, ती जागा धोक्याची. मग ती जंगलात असो की शहराच्या मध्यावर.

म्हणून 'बायकांनी रात्री थांबूच नये' हे उत्तर होऊ शकत नाही. थांबण्याच्या प्रत्येक जागेला धनी असावा, हे खरे उत्तर. तळावर नोंदवही, मुक्कामी राहणारी यजमानीण, जवळच्या पोलीस ठाण्याला आलेल्या गटाची वर्दी आणि मोबाइलला रेंज. ११२ क्रमांक फिरवायचा, तर आधी फोन लागायला हवा. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण जागा निवडताना तीच आधी तपासायला हवी.

शेतकरी अडचणीत असताना सहलींचे कौतुक कशाला?

यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला कळले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. अशा जिल्ह्यात महिलांच्या सहलीसाठी सरकारी पैसा मागणे काहींना चैन वाटेल. पण कापूस वेचणारी, घर चालवणारी, गटाचे हप्ते फेडणारी आणि कित्येक घरांत नवऱ्याच्या मागे कर्जाचा निपटारा करणारी बाईच आहे. तिला वर्षातून दोन दिवस कोणासाठी चूल न पेटवता काढता यावेत, ही मागणी मोठी नाही.

दुसरे असे, की तळ हा नुसता खर्च नाही. तो चालवायला स्थानिक बचत गटाला दिला, तर भाडे, जेवण आणि देखरेख यांतून गटाला कमाई होते. पाहुण्या महिलांना महिलाच यजमान मिळतात. 'आई' धोरणाला महिला उद्योजकतेतून हवे आहे ते याहून वेगळे काय?

तातडीने काय करता येईल?

तीन गोष्टी नव्या कायद्याशिवाय होऊ शकतात. पहिली, कॅरॅव्हॅन पार्कच्या व्याख्येत तंबू आणि बसने येणाऱ्या गटांच्या मुक्कामाची सोय बंधनकारक करावी. दुसरी, एसटीने आषाढीचा प्रयोग वर्षभर चालवावा. अलीकडच्या यात्रांमध्ये एका गावातून ४० किंवा अधिक प्रवासी असतील, तर थेट गावातून पंढरपूरची बस देण्यात आली आणि महिलांची सवलतही कायम राहिली. हेच टिपेश्वर, लोणार किंवा चिखलदऱ्यासाठी का नको? वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाची दिग्रसला प्रतीक्षा आहे. तोवर दिग्रस आगाराची बस हाच इथल्या बाईचा आधार. तिसरी, 'आई' योजनेत एकट्या महिलेबरोबर नोंदणीकृत बचत गटालाही तळ चालवण्यासाठी जमीन भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे सातबाऱ्याची अडचण राहणार नाही.

अर्ध्या तिकिटाने बाई घराबाहेर पडली, हे या योजनेचे खरे यश. पण सूर्य मावळायच्या आत घरी परतावे लागत असेल, तर तिचा पल्ला अजूनही दिवसाच्या उजेडाएवढाच आहे. तो वाढवायला चार भिंतींची न्हाणीघरे, दोन टाक्या पाणी आणि जबाबदार माणूस लागतो. मागणी एवढीच आहे.