नभोवाणीचे बारसे

जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा आदेश निघाला आणि पुण्यात गहजब उडाला. श्रोत्यांना मराठी बातमीपत्र मिळतच राहणार होते; जाणार होते ते ‘आकाशवाणी पुणे’ हे सकाळचे शब्द. अखेर आदेशास स्थगिती मिळाली. १९५३ साली सुरू झालेल्या आणि १९५५ मध्ये ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचविणाऱ्या केंद्राविषयी पुणेकरांस वाटणारी ही आपुलकी केवळ शहराभिमान म्हणून हिणवण्याचे कारण नाही. १९६३ मध्ये सांगलीस केंद्र झाले, तेव्हापासून कोल्हापूरच्या श्रोत्यांनी कित्येक वर्षे सांगलीच्याच नावाची उद्घोषणा ऐकली. शाहूनगरीतील कोणास ते खटकले असेल, तर त्यास दोष कसा द्यावा?

मोठ्या शहरांची ही कथा, मग शिरूर आणि दौंड यांचे काय? दोन्ही पुणे जिल्ह्यातील तालुक्यांची गावे. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरला २००९ पासून लोकसभा मतदारसंघाचे नाव लाभले. दौंड मात्र बारामती मतदारसंघात मोडते. दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे, शिरूरला रेल्वेच नाही. शिवाय शिरूर नावाची गावे अन्यत्रही असल्याने ‘घोडनदी’ अशी ओळख पुढे करावी लागते, आणि इंग्रजी अमदानीतील रेल्वेने तर दौंडचे ‘धोंड’ करून ठेवले होते. (इंग्रजांचे कान हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) नावाच्या बाबतीत दोघांनीही सोसलेले आहे. उद्या या भागात स्थानिक नभोवाणी निघाली, तर तिचे बारसे बिनबोभाट होईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

अशा वेळी शहाणी माणसे मधला मार्ग सुचवितात: केंद्र एकच असावे आणि त्यास ‘भीमा’ म्हणावे. आमचा या तोडग्यास विरोध आहे. एक तर तो तांत्रिकदृष्ट्या फोल आहे. सामुदायिक नभोवाणीच्या प्रक्षेपकास सर्वसाधारणपणे १०० वॅटची मर्यादा असते. त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत नीट पोहोचतो. शिरूर आणि दौंड यांत सरळ रेषेतही चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. मग एकाच केंद्राच्या नावावरून भांडावयाचे तरी कशासाठी? दुसरे असे की, नदीचे नाव साखर कारखान्यास शोभते, उद्घोषकाच्या तोंडी ते अपुरे पडते. धरणातून पाणी सोडले की ‘भीमेच्या पातळीत वाढ’ एवढ्याने काठावरच्या शेतकऱ्याचे भागत नाही. मोटार उचलावयाची ती कोणत्या गावाच्या शिवारातील, हे त्यास कळले पाहिजे.

बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आहे, पुण्याच्या विद्यापीठात ‘विद्यावाणी’ आहे. कामे चांगली आहेत. नावेही सात्त्विक आहेत. परंतु वाणी, वाहिनी आणि तरंग यांच्या या गर्दीत गावाचे नाव हरवते, आणि ज्या गावाचे नाव एरवी अपघाताच्या नाहीतर निवडणुकीच्या बातमीतच ऐकू येते, त्याच्या बाबतीत ही उणीव लहान नव्हे.

तेव्हा शिरूरच्या संस्थेने शिरूरच्या नावे आणि दौंडच्या संस्थेने दौंडच्या नावे अर्ज करावा. २००२ मध्ये ही मुभा केवळ शिक्षणसंस्थांना होती. २००६ पासून सेवाभावी संस्थांसही आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास या केंद्रांना बंदी आहे, आणि ती आम्हास अन्यायाची वाटते. तथापि हवामान, बाजारभाव, वीजपुरवठा, परीक्षांची माहिती यांस आडकाठी नाही. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावे लागतात, ही अट मात्र जड जाणारी आहे. रोज काही तास बोलण्याजोगे आपल्या गावात काय आहे, याचा हिशेब दोन्हीकडच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वीच मांडावा.