पुरस्कार मिळाला, पण आवाजाला नाही!

३ एप्रिल १९३० ची रात्र. लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा दुसरा समारंभ रंगला होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान एमजीएमच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ला मिळाला. एखाद्या बोलपटाने हा मान पटकावण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या समारंभात ‘द जाझ सिंगर’ची मूकपटांशी स्पर्धा लावणे अन्यायाचे होईल, असे ठरवून वॉर्नर ब्रदर्सला खास पुरस्कार देऊन वाटेला लावले होते. वर्षभरात वारे असे फिरले!

चित्रपटाची कथा आपल्या प्रेक्षकाला मुळीच परकी वाटणार नाही. नाटकात नाव काढायला दोन बहिणी न्यूयॉर्कला येतात. थोरलीचा नियोजित वर धाकटीवर भाळतो आणि थोरली मुकाट्याने बाजूला होते. थोरलीच्या भूमिकेत बेसी लव्ह होती. रंगपटातल्या आरशासमोर ती कोसळते, तो प्रसंग आजही मनाला भिडतो. बाकी चित्रपट मात्र आज संथ आणि अवघडलेला वाटतो. त्याला कारणही होते. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो छायाचित्रकारासकट बंद खोलीत कोंडलेला असे, आणि नटांना मायक्रोफोनच्या आसपासच घुटमळावे लागे.

तरीही या चित्रपटाने एक मोठी देणगी दिली, आणि तीही काटकसरीपायी! त्यात बाहुलीच्या लग्नाचे एक रंगीत नृत्यगीत होते. निर्मितीप्रमुख आयर्विंग थॅलबर्ग यांना ते पसंत पडले नाही. त्यांनी पुन्हा चित्रीकरण करायचा हुकूम सोडला. त्या काळी गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपले जाई. म्हणजे सगळा वाद्यवृंद पुन्हा बोलवायचा, पुन्हा पैसे मोजायचे. तेव्हा ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांनी साधा प्रश्न केला : गाणे तर उत्तम मुद्रित झाले आहे, मग तेच सेटवर कर्ण्यातून वाजवून त्यावर नाच केला तर? तसेच झाले. आज ज्याला ‘प्लेबॅक’ म्हणतात, त्याची वाट अशी मोकळी झाली. गंमत पाहा, त्या गाण्याचे रंग पुढे हरवले. आज ते कृष्णधवलच पाहायला मिळते.

पण त्या रात्री ध्वनिमुद्रणासाठी पुरस्कारच नव्हता! तो पुढच्या समारंभापासून, नोव्हेंबर १९३० मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले मानकरी शिअररच ठरले, पण ‘द बिग हाऊस’ या तुरुंगावरच्या चित्रपटासाठी. त्याच रात्री त्यांची बहीण नॉर्मा शिअरर सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. गाण्यासाठीचा ऑस्कर तर थेट १९३४ च्या चित्रपटांपासून आला. तोवर संगीतपटांचा पूर येऊन ओसरलाही होता. कंटाळलेल्या प्रेक्षकांसाठी ‘हा संगीतपट नाही’ अशी जाहिरात करायची वेळ आली होती.

आपल्याकडे गाण्यांचा असा कंटाळा कधी आला नाही. १९३१ च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती. नट स्वतः गात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवत. जवळच्या रेल्वेचा खडखडाट नको म्हणून चित्रीकरण रात्री चाले. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छांव’मध्ये पार्श्वगायन आणले आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, ही सोय हळूहळू रूढ झाली.

सोय झाली खरी, पण गळ्याचे नाव मागे पडले. १९४९ च्या ‘महल’च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते, पडद्यावरच्या पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांतही गायकांना जागा नव्हती. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला आणि जयकिशन यांनी लताबाईंना समारंभात गाण्याची गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे ना, मग चाल वाद्यांवरच वाजू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. कडक वाटेल, पण बिनतोड!

१९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. पहिला लताबाईंनाच, ‘मधुमती’मधल्या गाण्यासाठी. गायक आणि गायिका मिळून तो एकच असे. दोघांचे पुरस्कार वेगळे व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.